'मार्शल' सिनेमात मार्शलच गप्प? एका पोस्टला (लांबलचक) उत्तर

निळी शाई
परवा कॉलेजच्या ग्रुपवर एका मित्राने 'मार्शल' बघून पोस्ट टाकली. थोडक्यात अशी: "थरगूड मार्शलवर (अमेरिकेतला काळा वकील, पुढे तिथल्या सुप्रीम कोर्टाचा जज) सिनेमा काढलाय आणि कोर्टात मार्शल तोंडच उघडत नाही. सगळं बोलतो तो गोरा वकील सॅम फ्रीडमन. केस कुठली घेतली, तर ब्राऊनची (शाळांमधला काळा-गोरा भेद मोडणारी) नाही, कुठल्यातरी ड्रायव्हरची. पैसे वाया." खाली चौदा अंगठे. मी तिथे दोन ओळी लिहिल्या तर "चिल मार" असं उत्तर आलं. चिल मारायला जमलं नाही म्हणून इथे लिहितोय.

अरे बाबांनो, तो गप्प बसतो तीच तर गोष्ट आहे. १९४० चा डिसेंबर, कनेटिकट राज्यातलं ग्रिनिच, म्हणजे गर्भश्रीमंतांची वस्ती. तिथल्या एलिनॉर स्ट्रुबिंग या बाईने तिच्या काळ्या ड्रायव्हरवर, जोसेफ स्पेलवर आरोप केला की याने बलात्कार केला आणि नंतर नेऊन जलाशयात फेकलं. पेपरांनी असं काही रान उठवलं की आसपासच्या घरांमधून काळ्या नोकरांना काढायला सुरुवात झाली. आणि इथे NAACP ने (काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना, म्हणताना 'एन डबल ए सीपी') मार्शलला पाठवलं, वय ३२. सिनेमात जज फोस्टर म्हणतो, तू बाहेरच्या राज्यातला, टेबलापाशी बस हवं तर, पण प्रश्न विचारायचा नाही, युक्तिवाद करायचा नाही, आवाज आला नाही पाहिजे. मग विम्याच्या केसेस करणाऱ्या, घाम पुसणाऱ्या फ्रीडमनच्या तोंडून मार्शलला केस चालवायला लागते. चिठ्ठ्या सरकवतो, डोळ्यांनी खुणावतो, मधल्या सुट्टीत त्याला झापतो.

माझे वडील तालुका कोर्टात वकील होते. पहिली अकरा वर्षं एका बड्या वकिलांचे ज्युनियर. उलटतपासाचे प्रश्न वडील लिहायचे, जुन्या कॉज लिस्टच्या पाठकोऱ्या बाजूवर, निळ्या शाईने, आकडे घालून, आणि समासात साक्षीदार काय उत्तर देईल तेही. उभे राहायचे साहेब. पक्षकार पैसे मोजताना विचारायचा, "साहेब स्वतः उभे राहणार ना? का हे राहणार?" 'हे' म्हणताना वडिलांकडे बघायचं पण नाही. वडिलांचं आडनाव बोर्डावर होतं ना. साहेब वाईट नव्हते हो, चहा एकाच कपबशीतून घ्यायचे. पण अकरा वर्षं दुसऱ्याच्या तोंडून बोलणं म्हणजे काय हे मी जेवणाच्या ताटावर बघितलंय. त्यामुळे मार्शल झालेला चॅडविक बोसमन खुर्चीत बसून नुसता जबडा आवळतो ना, मला तिथे डायलॉगची गरज वाटली नाही.

शेंगदाणा
वडिलांचा किस्सा खरंच भारी. पण सिनेमा तुझ्या वडिलांनी काढला नाहीये ना. मी सिनेमाबद्दल बोलतो. पटकथेत बदलतो कोण? फ्रीडमन. घाबरट, केस नको म्हणणारा, मार खाणारा, शेवटी छाती काढून उभा राहणारा. मार्शल पहिल्या रीळात जसा आहे तसाच शेवटच्या. सूट कडक, टोपी तिरकी, कधी चुकत नाही. म्हणजे मार्शल हा फ्रीडमनचा कोच झाला. क्रिकेटवरच्या सिनेमात कोच हिरो नसतो. शिवाय सगळं टीव्ही मालिकेसारखं चकचकीत, पाऊस पडला तरी कोट चुरगळत नाही.

आणि ३२ केसेस सुप्रीम कोर्टात लढून २९ जिंकलेला माणूस आहे हा!! त्यातली एक घेता आली नाही?

निळी शाई
ब्राऊनवर १९९१ लाच टीव्हीवर येऊन गेलंय, सिडनी पॉइटिए होता मार्शल. तेच परत कशाला? आणि फ्रीडमन 'गोरा' म्हणून एका शब्दात निकालात काढताय सगळे, तो ज्यू आहे, साल १९४१ आहे, त्याचे नातेवाईक युरोपात अडकलेत. सिनेमात आहे हे. त्या साली त्याला 'गोऱ्यांतला' कोण धरत होतं ते पण बघा की.

सातारी वकील
दोघांनीही एक मुद्दा सोडलाय. बाहेरच्या बारच्या वकिलाने स्थानिक वकील बरोबर घ्यायचा हा नियम बऱ्याच ठिकाणी आहे, त्यात अपमान काय? आपल्याकडे दुसऱ्या राज्यातला वकील आला तर लोकलला बरोबर घेऊनच उभा राहतो, नाहीतर कोर्टाची परवानगी. ३० वर्षं वकिली करतोय. जजने उभं राहू दिलं नाही म्हणून रडायचं नसतं, बरोबरच्याला तयार करायचं असतं. मार्शलने तेच केलं. फिल्म चांगली आहे. उलटतपास मात्र अगदीच पोरकट दाखवलाय, असे प्रश्न मी विचारले तर आमचे जज साहेब म्हणतील वकीलसाहेब घरी जा, आराम करा.

शेंगदाणा
वकीलसाहेब, स्थानिक वकील बरोबर घ्या आणि तोंड बंद ठेवा यात फरक आहे की नाही?

सातारी वकील
आहे. पण थोडा.

मुक्ता ठाणेकर
सगळे पुरुष मार्शल बोलला की नाही यावर भांडताय. मला एक सांगा, एका बाईने बलात्काराचा आरोप केला आणि तो खोटा निघाला, हाच सिनेमा काढायला मिळाला? आणि आला कधी, तर ऑक्टोबर २०१७. त्याच महिन्यात हॉलिवूडचा निर्माता वाइनस्टीनचं लैंगिक अत्याचारांचं प्रकरण बाहेर आलं होतं. मी तेव्हाच थिएटरमध्ये बघितला, मैत्रिणीबरोबर. पाठीमागच्या रांगेतला एक जण स्ट्रुबिंगबाई रडायला लागल्या की "नाटक" म्हणायचा, मोठ्याने. दर वेळी. आम्ही मध्यंतरात उठलो. नंतर घरी पूर्ण केला. त्यामुळे माझं मत त्या माणसाने खराब केलंय हे मान्य, पण दिग्दर्शकाला हे कळायला नको होतं का?

सातारी वकील
ताई, केस खरी आहे, निकाल खरा आहे. खोटी केस असतेच नाही का? माझ्याकडे एक ३७६ ची (बलात्काराची) मॅटर होती त्यात

मुक्ता ठाणेकर
सुरू झालं. तुमची मॅटर नका सांगू.

निळी शाई
मुक्ता, तुझा मुद्दा टाळत नाही. पण अमेरिकेच्या दक्षिणेत 'गोऱ्या बाईवर हात टाकला' एवढ्यावर शेकडो माणसं झाडाला लटकवली गेली. त्या आरोपाचा तिथे वेगळाच इतिहास आहे, आपल्या मोजपट्टीने नाही मोजता येत. आणि ग्रिनिचच्या लग्न झालेल्या बाईला "हो, माझं ड्रायव्हरबरोबर होतं" असं १९४० मध्ये म्हणण्याची सोय होती का? ती खोटं बोलली ते पण त्याच व्यवस्थेमुळे.

मुक्ता ठाणेकर
हे सिनेमाने दाखवायला हवं होतं, तू कॉमेंटमध्ये दाखवतोयस. बरं, अर्धं पटलं. अर्धंच.

एडिसनकर
न्यू जर्सीतून. कोणी बोललंच नाही की या केसमधला खरा हिरो ज्युरी आहे. सगळेच्या सगळे गोरे, आणि तरी स्पेल सुटला. १९४१ मध्ये! बारा सामान्य माणसं एका खोलीत बसून पेपरांच्या विरुद्ध जाऊन निर्दोष म्हणतात, हे आपल्याकडे होईल? मी स्वतः ज्युरी ड्यूटी केलीय. सिटिझन झाल्यावर वर्षभरातच पत्र आलं, दिवसाला पाच डॉलर, पार्किंग वेगळं. सकाळपासून हॉलमध्ये साठ-सत्तर जण, कोणी विणतंय, एक जण चक्क केळी खातोय. मग नाव पुकारतात, जज विचारतो पोलिसांत कोणी नातेवाईक आहे का, आधी कुठल्या गुन्ह्याचा बळी झालात का. ट्रक ड्रायव्हर, शाळेतल्या बाई, मी सॉफ्टवेअरवाला. तीन दिवस. आणि शेवटी खोलीत जी चर्चा झाली ना, ती आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत पंधरा वर्षांत झाली नाही. त्या ट्रक ड्रायव्हरने एकच प्रश्न विचारला, "दिवा कुठल्या बाजूला होता?" आणि सगळी साक्ष कोसळली. सिनेमातली ती दक्षिणेतली बाई आठवा, फ्रीडमन तिला काढा म्हणतो, मार्शल म्हणतो ठेव, आणि तीच पुढे ज्युरीची प्रमुख होते.

सातारी वकील
ज्युरीचं कौतुक आम्हाला सांगू नका. नानावटी विसरलात का. आठ विरुद्ध एक निर्दोष! बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालून स्वतः पोलिसांत गेलेला माणूस!! का तर नेव्हीचा पांढरा युनिफॉर्म आणि करंजियांचं ब्लिट्झ साप्ताहिक. सेशन्स जजने हाय कोर्टाला पाठवलं म्हणून न्याय झाला. म्हणूनच आपण ज्युरी बंद केली.

पेठेतला खडूस
"म्हणूनच बंद केली" हे चूक. हे वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं म्हणून खरं होत नाही. ज्युरी आधीपासूनच एकेका राज्यात बंद होत चालली होती, नानावटी नंतरही काही ठिकाणी चालू होती, आणि पूर्ण बंद झाली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. आणि 'पूर्ण' म्हणताना सुद्धा, मुंबईत पारशी घटस्फोटाच्या कोर्टात आजही समाजातले डेलिगेट बसतात, ती ज्युरीचीच धाकटी बहीण. वकिलाला हे माहीत नसावं म्हणजे कमाल आहे.

सातारी वकील
साताऱ्यात पारशी घटस्फोट होत नाहीत साहेब.

पेठेतला खडूस
मुद्दा तो नाही. मुद्दा हा की ज्युरी म्हटलं की मराठी माणसाला नानावटी आठवतो, लोकमान्य आठवत नाहीत. १९०८ चा राजद्रोहाचा खटला. नऊ जण ज्युरीत, सात युरोपियन, दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. मोजा. १८९७ मध्ये सहा युरोपियन, तीन हिंदी, निकाल सहा विरुद्ध तीन. परत मोजा. कातडीच्या रंगाप्रमाणे मतं पडली दोन्ही वेळा, एक मत इकडचं तिकडे नाही. टिळक स्वतः एकवीस तासांहून जास्त बोलले, सात जणांच्या कानात एक शब्द गेला नाही. आणि जज कोण, तर दावर, ज्यांनी १८९७ मध्ये टिळकांच्याच जामिनासाठी वकीलपत्र घेतलं होतं! त्या एडिसनवाल्यांनी केळी खाणाऱ्याचं कौतुक जरूर करावं, पण 'बारा सामान्य माणसं' वगैरे भाबडेपणा इथे नको.

एडिसनकर
भाबडेपणा?? ती परकीय सत्तेने निवडलेली स्पेशल ज्युरी होती. तुलना तरी कशाशी करताय. आणि "एडिसनवाले" म्हणजे काय? मला नाव आहे.

पेठेतला खडूस
तुम्हीच 'एडिसनकर' लिहिलंय.

शेंगदाणा
😂 पण खडूसकाकांचा मुद्दा अमेरिकेत पण लागू आहे. एमेट टिल, १९५५, मिसिसिपी. चौदा वर्षांच्या पोराला मारलं, बारा गोऱ्या पुरुषांची ज्युरी, साधारण तासाभरात निर्दोष. एक ज्युरर नंतर म्हणाला की मध्ये सोडा प्यायला थांबलो नसतो तर इतका पण वेळ लागला नसता. आता सांगा ज्युरी हिरो. म्हणूनच मी म्हणतोय, शेकड्यात एखादी केस घ्यायची जिथे गोऱ्या ज्युरीने शहाणपणा केला आणि त्यावर सिनेमा काढायचा म्हणजे गोऱ्या प्रेक्षकाला घरी जाताना छान वाटलं पाहिजे.

निळी शाई
ही पहिली गोष्ट जी तू बरोबर बोललास. पण सिनेमाची सुरुवात आठव, ओक्लाहोमातलं ह्यूगो. तो लायन्स या काळ्या पोरावरचा खुनाचा खटला आहे, १९४१ च्या जानेवारीत चाललेला. मारहाण करून कबुली घेतली, मेलेल्यांची हाडं भांड्यात घालून त्या पोराच्या मांडीवर ठेवली होती. तिथे पण गोरी ज्युरी, शिक्षा झालीच, पण फाशी न देता जन्मठेप दिली. इतक्या भयंकर गुन्ह्याला जन्मठेप म्हणजे ज्युरीलाच खात्री नव्हती, असा अर्थ मार्शलने काढला होता. सुप्रीम कोर्टातही १९४४ ला हरला तो ही केस. तर तू मागतोस तो सिनेमा पहिल्या पाच मिनिटांत आहे, दिग्दर्शक तिथे थांबला नाही हा त्याचा दोष, हे मान्य करतो.

आणि ज्युरीवरून सांगतो. सिनेमात ज्युरर कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं याचे धडे मार्शल फ्रीडमनला देतो ना? तोच मार्शल सुप्रीम कोर्टाचा जज झाल्यावर, १९८६ च्या बॅटसन केसमध्ये, कारण न देता ज्युरर काढायचा वकिलाचा हक्कच रद्द करा म्हणाला. बाकीचे जज म्हणाले फक्त वंशावरून काढू नका. हा म्हणाला तेवढ्याने काही होणार नाही, सरकारी वकील काहीतरी दुसरं कारण सांगेल. चाळीस-पन्नास वर्षं त्या खोलीत बसलेला माणूस आहे हा.

एडिसनकर
हे माहीत नव्हतं. आमच्या वेळी पण दोन काळ्या बायकांना काही न सांगता घरी पाठवलं होतं. तेव्हा मला वाटलं त्या सुटल्या बिचाऱ्या. आता विचार करतोय.

पेठेतला खडूस
विचार करताय हे उत्तम.

एडिसनकर
तुम्हाला सरळ बोलता येत नाही का हो कधी?

कोल्हापुरी चप्पल
मी एवढं सगळं वाचलं. आपल्याकडे वकील आंबेडकरांवर सिनेमा कधी? लंगडं लंगडं नको, कोर्टातला पाहिजे. १९२६ ची 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरची केस, पुण्यात, ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांना खालच्या कोर्टाने शिक्षा ठोठावली आणि बाबासाहेबांनी अपिलात सोडवून आणलं. ह्याच्यात काय नाही? पुणं, ब्राह्मण-ब्राह्मणेतर, नुकता विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेला वकील. आणि र. धों. कर्वेंची केस, १९३४, अश्लीलतेची, बाबासाहेब हरले पण उभे राहिले. चवदार तळं तर सोडाच, २७ ला सत्याग्रह आणि हाय कोर्टाचा निकाल ३७ ला. दहा वर्षं तारखा! आम्ही मार्शल बोलला की नाही बोलला यावर भांडतोय.

सातारी वकील
वा. हे खरं. तळ्याच्या केसवर सिनेमा झाला तर मी स्वतः तिकीट काढून बारच्या सगळ्यांना नेतो.

पेठेतला खडूस
देशाचे दुश्मन हे पुस्तक वाचलंय का कोणी? भाषा बघा आधी काय आहे त्यातली. टिळक आणि चिपळूणकरांबद्दल काय लिहिलंय ते

कोल्हापुरी चप्पल
वाचलंय. बाबासाहेब पुस्तकासाठी नाही, आरोपींसाठी उभे होते. वकिलीत तेवढंच असतं. मार्शलपण स्पेलसाठी होता, स्पेल काय संत होता? त्याने पण सुरुवातीला खोटंच सांगितलं.

पेठेतला खडूस
ठीक. हे वाक्य चांगलं आहे. लेखकाशी माझं भांडण राहीलच.

मुक्ता ठाणेकर
आणि बोसमनच्या रंगाबद्दल कोणी बोललं नाही हे विशेष. खरा मार्शल बराच उजळ होता, तिकडच्या लोकांनी यावरून पण वाद घातला. आपल्याकडे उलटं झालं असतं, सावळ्याचा रोल गोऱ्याला. २०१६ ला कॅन्सर कळला होता बोसमनला, कोणाला न सांगता काम करत राहिला. हे कळल्यावर परत बघितला मी. त्या मागच्या रांगेवाल्याशिवाय. बरा वाटला. बरा, चांगला नाही.

शेंगदाणा
मी पण शेवट परत बघितला आत्ता, यूट्यूबवर तुकडा आहे. स्टेशनवर मार्शलला जे आईवडील भेटतात ना, ते ट्रेव्हॉन मार्टिनचे (२०१२ ला फ्लोरिडात गोळी घालून मारलेला काळा पोरगा) खरे आईवडील आहेत. पहिल्यांदा बघताना मला माहीतच नव्हतं. ओके, तो एक सीन मी दिग्दर्शकाला माफ केला. कोच तो कोचच. आणि शाई, काकांना दाखवलास का सिनेमा?

निळी शाई
दाखवला, गेल्या रविवारी. मराठी सबटायटल नाहीत म्हणून मी मध्ये मध्ये सांगत होतो. अर्ध्यात झोपले. कोर्टाचा सीन आला की आपोआप उठायचे. पूर्ण सिनेमात दोनच गोष्टी बोलले. एक, चिठ्ठी अशी हातात द्यायची नसते, कोर्टाला दिसतं. फाइलखालून टेबलावर सरकवायची, आणि साहेबाने वाचताना खाली न बघता वाचायची, त्याला दोन वर्षं लागतात.

सातारी वकील
बरोबर आहे त्यांचं. दोन नाही, तीन. आणि दुसरी?

निळी शाई
निकाल लागतो तेव्हा मार्शल तिथे नसतोच ना, दुसऱ्या केसला निघून गेलेला असतो, फोनवर कळतं त्याला. तर वडील म्हणाले, "याला बरं फोन आला."